तोतयाचा आवाज : करखात्याच्या नावानं येणाऱ्या फोनचा इतिहास



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हे फोनवरच्या फसवणुकीचं प्रकरण कुठून आलं? ही गोष्ट पोलिसांनी सांगायची, फार तर बँकेनं. पण तुम्हीच बघा, 'असा फोन आला तर काय करावं' याच्या सूचना आपल्याकडे रोज येतात. बँक पाठवते, सरकार पाठवतं, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवतं. तरीही शिकलेली, जगाचा अनुभव असलेली माणसं फसतात. नुसत्या याद्यांनी भागत असतं तर हे थांबायला हवं होतं. ही फसवणूक चालते का, हे समजलं तर ती ओळखणं सोपं जातं. आणि 'का' या प्रश्नाला थोडं मागं जाऊनच उत्तर मिळतं.

मी आज मुख्यतः एकच प्रकरण घेणार आहे. २०१३ पासून अमेरिकेत 'आयआरएस'च्या नावानं लाखो लोकांना धमकीचे फोन गेले. आयआरएस म्हणजे इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, तिथलं आयकर खातं. या प्रकरणाचं एक टोक अमेरिकेतल्या घराघरांत होतं आणि दुसरं अहमदाबादला आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडला. म्हणजे ही गोष्ट दूरची आहे आणि नाहीही.

तोतयाला पूर्वी काय काय लागायचं

मराठीत यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे : तोतया. आपल्याकडचा सगळ्यांत प्रसिद्ध तोतया म्हणजे सदाशिवरावभाऊंचा. १७६१ मध्ये पानिपतावर भाऊ पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्या अविश्वासाच्या जागेत एक माणूस उभा राहिला आणि 'मीच भाऊ' म्हणू लागला. १७७६ मध्ये त्यानं कोकणातले किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली. शेवटी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. आता लक्षात घ्या, या तोतयाला स्वतः समोर यावं लागलं. भाऊंना पाहिलेली माणसं हयात होती. त्यांच्यापुढे चेहरा, बोलणं, आठवणी, सगळ्याची परीक्षा होणार होती. तोतयेगिरी ही जिवावरची जोखीम होती.

दुसरं उदाहरण मुंबईचं. मार्च १९८७. एका माणसानं वर्तमानपत्रात सरकारी गुप्तचर अधिकारी पदांसाठी जाहिरात दिली, नामांकित हॉटेलात मुलाखती घेतल्या, दोन डझनांच्या आसपास तरुण निवडले आणि त्यांना घेऊन ऑपेरा हाउसजवळच्या एका मोठ्या जवाहिऱ्याच्या दुकानावर 'छापा' घातला. आपण सीबीआयचे अधिकारी आहोत असं सांगितलं, दागिने ताब्यात घेतले आणि तो निघून गेला. निवडलेली पोरं मात्र, आपल्याला सरकारी नोकरी लागली या समजुतीत, तिथंच राहिली. तो माणूस पुढे सापडला नाही. 'स्पेशल २६' हा हिंदी सिनेमा यावरूनच सुचलेला. इथे तोतयाला कुणाचा चेहरा घ्यावा लागला नाही, त्यानं पद घेतलं. पण त्यासाठी माणसं, गाडी, ओळखपत्रं, कागद, भर दिवसा दुकानात शिरण्याची छाती, इतकं सगळं लागलं. आणि एवढ्या खटाटोपात एकच दुकान लुटता आलं.

या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या. तोतयाला पहिल्यांदा चेहरा लागत होता. मग चेहरा गेला, कागद आणि गणवेश आला. विसाव्या शतकाच्या शेवटी हेही गळून पडलं आणि उरला फक्त आवाज. आवाज एका दिवसात शेकडो घरांत शिरू शकतो.

आयआरएसचं नाव ऐकून माणूस का हादरतो

पण आवाज कुणाचा घ्यायचा? ज्याला लोक आधीच घाबरतात त्याचा. अमेरिकेत असं नाव शोधायला फार लांब जावं लागत नाही.

अमेरिकेत कर आयुक्ताचं पद १८६२ साली, यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी निर्माण झालं. १९१३ च्या घटनादुरुस्तीनं आयकर कायमचा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, पगारातूनच कर कापायला सुरुवात झाली आणि करखातं प्रत्येक कामगाराच्या घरी पोचलं. मधल्या काळात १९३१ मध्ये शिकागोचा गुंड अल कपोन याला शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे, करचुकवेगिरीसाठी. अकरा वर्षं. ही गोष्ट तिथं शाळकरी पोरालाही माहीत असते. तिचं तात्पर्य लोकांनी असं काढलं, की पोलिसांच्या हातून सुटाल, करखात्याच्या हातून सुटणार नाही.

या धाकाला वास्तवाचा आधारही होता. १९९७ आणि १९९८ मध्ये अमेरिकी सेनेटच्या अर्थ समितीपुढे लोकांनी आणि खुद्द खात्याच्या कर्मचाऱ्यांनी साक्षी दिल्या, की वसुली करताना खातं कसं अंगावर येतं. त्यातून १९९८ चा सुधारणा कायदा आला, करदात्यांना अधिक हक्क मिळाले. पण धाक कायद्यानं एका दिवसात जात नाही. तो घरात बोलण्यातून पुढच्या पिढीकडे जातो.

फोनवरच्या टोळीनं नेमका हा साठलेला धाक वापरला. लॉटरीच्या फसवणुकीत माणसाचा लोभ लागतो. इथे लोभ लागत नाही. इथे लागतो तो आज्ञाधारकपणा, कायदा पाळायची सवय, 'माझ्याकडून काही चुकलं असेल तर मी भरून टाकतो' ही सज्जन माणसाची घाई. म्हणून 'मी हावरट नाही, मी फसणार नाही' हा दिलासा इथे कामाचा नाही. उलट जो कर वेळेवर भरतो, त्यालाच जास्त धक्का बसतो.

आणि इथे एक साधी गोष्ट माहीत असती तर पुष्कळ लोक वाचले असते. कर थकणं हा गुन्हा नसतो. जाणूनबुजून उत्पन्न लपवणं, खोटे कागद देणं हा गुन्हा आहे, आणि तो कोर्टात सिद्ध करावा लागतो. नुसती थकबाकी असेल तर खातं पत्र पाठवतं, व्याज लावतं, दंड लावतं, हप्ते देतं. संध्याकाळपर्यंत पोलीस पाठवत नाही.

चार गोष्टी एकत्र आल्या

२०१३ च्या आसपासच हे का उसळलं? त्या सुमाराला चार गोष्टी एकमेकींना येऊन भेटल्या होत्या.

पहिली, इंटरनेटवरून फोन. परदेशात फोन करणं जवळपास फुकट झालं. दुसरी, नंबर बदलून दाखवायची सोय. आपल्या फोनवर जो नंबर उमटतो तो फोन करणाऱ्याच्या बाजूनं पाठवलेला असतो, आणि फोनचं जाळं मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्यांच्या काळात बांधलेलं. त्यामुळे तो खरा आहे की नाही हे तपासायची सोय त्यात मुळात नव्हती. अमेरिकेनं फसवण्याच्या हेतूनं नंबर बदलण्यावर बंदी घालणारा कायदा २०१० मध्ये केला. पण अहमदाबादेत बसलेल्या माणसाला तो कसा लागणार? त्यामुळे लोकांच्या फोनवर खुद्द आयआरएसचा नंबर उमटायचा.

तिसरी गोष्ट पैसे नेण्याची. दुकानात रोख पैसे देऊन प्रीपेड कार्ड किंवा गिफ्ट कार्ड घेता येतं, आणि त्यावरचे आकडे सांगितले की पैसे दुसऱ्याचे होतात. ना सही, ना नाव. २०१६ मध्ये तर कर भरायला आयट्यून्सची कार्डं मागितली जात होती. गाणी विकत घ्यायचं कार्ड! आज आपल्याला हसू येतं. पण भेदरलेल्या माणसाला समोरून सांगितलं जायचं, की तुमचं बँक खातं गोठवलंय, आता हा एकच मार्ग राहिलाय.

चौथी गोष्ट आपली. २००० नंतर भारतात कॉल सेंटरचा धंदा वाढला. अमेरिकी नाव घेऊन, अमेरिकी वळणाचं इंग्रजी बोलून, चिडलेल्या ग्राहकाला शांतपणे हाताळायचं हे कौशल्य हजारो तरुणांनी मेहनतीनं कमावलं. त्यातली बहुतेक केंद्रं सचोटीची होती आणि आहेत. पण तीच खुर्ची, तोच हेडफोन, तीच समोर छापून ठेवलेली संवादाची संहिता, दुसऱ्या कामालाही लावता येत होती.

फोनवर काय बोललं जायचं

आयआरएसनं २०१३ च्या ऑक्टोबरात पहिला मोठा इशारा दिला. त्यात या फोनची जी लक्षणं सांगितली आहेत, ती आजही वाचण्यासारखी आहेत. त्यांचा क्रम लावून बघू.

सुरुवातीला फोन करणारा स्वतःचं नाव आणि बिल्ला नंबर सांगतो. नाव साधं, नेहमीचं. मग तो तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे सांगतो. तिथं हा नंबर म्हणजे आपल्या आधार आणि पॅनसारखा. माणसाला वाटतं, हे सरकारशिवाय कुणाला माहीत असणार? प्रत्यक्षात अशी माहिती दलालांकडून विकत मिळत होती. पुढे, पाठीमागून दुसऱ्या फोनांचा गलका ऐकू येतो, म्हणजे मोठं कार्यालय आहे असं वाटावं. कधी मध्येच एखादा ईमेलही येतो, बोललेलं खरं वाटावं म्हणून.

मग धमकी. अटक, वाहन परवाना रद्द, आणि परदेशातून आलेला माणूस असेल तर हद्दपारी. माणूस बधला नाही तर फोन ठेवतात. थोड्या वेळानं दुसरा फोन येतो : मी स्थानिक पोलीस ठाण्यातून बोलतोय. नंबरही पोलिसांचाच दिसतो. इथे बरेच जण मोडतात, कारण त्यांना वाटतं की दोन वेगवेगळी खाती एकच गोष्ट सांगताहेत. ती दोन खाती एकाच खोलीत बसलेली असतात.

शेवटची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. फोन ठेवू द्यायचा नाही. बँकेत जा, फोन चालू ठेवा. दुकानात जा, फोन चालू ठेवा. कुणाला सांगू नका, चौकशी गुप्त आहे. यामागचा हेतू उघड आहे. बायकोला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, हिशेबनिसाला एक फोन केला, तर खेळ दोन मिनिटांत संपतो. अशी फसवणूक टिकते ती माणसाला एकटं पाडून.

या क्रमात खोटेपणाच्या खुणा कुठे होत्या? नावात नाही, नंबरात नाही, माहितीत नाही, उच्चारातही नाही. आपण साधारणपणे जिथं खूण शोधतो तिथं सगळं बरोबर होतं. खुणा तीनच ठिकाणी होत्या : आत्ताच भरा, याच मार्गानं भरा, कुणाला विचारू नका. तोतयाला बाकी सगळं बदलता येतं, पण या तीन गोष्टी सोडता येत नाहीत. वेळ दिला की माणूस शुद्धीवर येतो, सरकारी खात्यात पैसे भरले की ते तोतयाला मिळत नाहीत, आणि दुसऱ्याला विचारलं की बिंग फुटतं.

फसलं कोण

आयआरएसच्या त्या पहिल्याच इशाऱ्यात म्हटलं होतं, की नव्यानं देशात आलेले लोक हे या फोनांचं खास लक्ष्य आहेत. म्हणजे त्यात आपली माणसंही आली. व्हिसावर गेलेला इंजिनिअर, पहिल्याच वर्षी तिथलं विवरणपत्र भरणारी विद्यार्थिनी, मुलाकडे राहायला गेलेले आईवडील. अशा घरात पैसे जाण्यापेक्षा मोठी भीती असते ती देश सोडावा लागण्याची. आणि तिथला सरकारी शिरस्ता अंगवळणी पडलेला नसतो. खरं खातं कसं वागतं हेच माहीत नसेल, तर खोटं कसं ओळखणार?

या फोनांच्या तक्रारी नोंदवण्याचं काम 'टिग्टा'कडे होतं. अमेरिकेच्या अर्थखात्याअंतर्गत, करप्रशासनावर देखरेख करणारी ही महानिरीक्षकांची यंत्रणा. २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांच्याकडे १८ लाखांहून जास्त तक्रारी आल्या होत्या, आणि ९,६०० हून जास्त लोकांनी मिळून ५ कोटी डॉलरपेक्षा अधिक रक्कम गमावली होती. हे आकडे उलटेही वाचून बघा. तक्रार करणाऱ्या दोनशे जणांमागे एखादाच फसलेला. बाकीच्यांनी फोन आपटला, शिव्या दिल्या, सोडून दिलं. पण टोळीचं गणित त्या एकावरच चालतं. चुकीच्या दिवशी, चुकीच्या मनःस्थितीत फोन आला तर तो एक आपल्यापैकी कुणीही असू शकतो.

मीरा रोड

आता दुसरं टोक. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरवर रात्री छापे घातले. अमेरिकेत दिवस असतो तेव्हाच ही केंद्रं चालत. सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं आणि त्यातल्या सुमारे ७० जणांना तेव्हा अटक झाली. बहुतेक जण विशीतले. तिथंच काम करणाऱ्या दोन तरुणांनी या प्रकाराची माहिती अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनला फोन करून कळवली होती, असं नंतर वर्तमानपत्रांत आलं. मुख्य आरोपी म्हणून ज्याचा शोध सुरू होता, तो एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर सापडला.

छाप्यांनंतर तीनच आठवड्यांत, २७ ऑक्टोबर २०१६ ला, अमेरिकेच्या न्याय खात्यानं टेक्सासमधल्या न्यायालयात दाखल केलेलं एक वेगळं आरोपपत्र जाहीर केलं. त्यात ५६ माणसं होती आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरं. १५ हजारांहून अधिक लोकांना लुबाडल्याचा आरोप होता. त्यातून कामाची रचना समोर आली : फोन भारतातून, आणि कार्डांतले पैसे काढून फिरवणारी माणसं अमेरिकेत. २०१८ मध्ये तिथल्या अनेक आरोपींना शिक्षा झाल्या, कमाल २० वर्षांपर्यंत. अहमदाबादच्या एका केंद्रचालकाला सिंगापूरहून अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आलं आणि २०२० मध्ये त्यालाही २० वर्षांची शिक्षा झाली.

मीरा रोडच्या त्या तरुणांबद्दल एक शब्द. १९८७ च्या मुंबईतल्या पोरांना आपण कुणाचं हत्यार झालोय हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. इथली परिस्थिती तशी नव्हती. समोरची बाई रडतेय हे हेडफोनमधून ऐकू येत होतं. पण शिक्षण आहे, इंग्रजी येतं, हातात काम नाही, आणि शेजारचा मुलगा दर महिन्याला पगाराशिवाय वर बक्षीस घेतोय, अशा वयात माणूस स्वतःची समजूत काढायला शिकतो. आपल्या घरातला कुणी रात्रपाळीच्या नोकरीला लागला, तर काम काय आहे हे बसवून विचारायला हवं. फसणाऱ्यांइतकेच फसवायला बसवलेलेही आपल्याच गल्लीतून येतात.

मुखवटा बदलतो

मीरा रोड आणि अहमदाबादनंतर अमेरिकेत आयआरएसच्या नावाचे फोन एकदम घटले. पण दोनेक वर्षांतच सोशल सिक्युरिटी खात्याच्या नावानं तसेच फोन वाढले. संहिता जवळपास तीच, नाव दुसरं. कॅनडात तिथल्या महसूल खात्याच्या, ऑस्ट्रेलियात तिथल्या कर कार्यालयाच्या नावानं हेच चाललं होतं.

आणि आपल्याकडे? 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द २०२४ मध्ये घराघरात पोचला. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधारवर कुणी खातं उघडलंय, तुम्ही आता व्हिडिओ कॉलवरून हलायचं नाही. सीबीआय, कस्टम्स, ईडी, आयकर, मुखवटे बदलत राहतात. त्याच वर्षी एका मोठ्या उद्योगपतींना सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून ७ कोटी रुपये नेले. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, की कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काही नाही. पण संहिता बघा : आत्ताच, याच मार्गानं, कुणाला न सांगता. मीरा रोडचीच आहे. फक्त फोनला आता पडदा आलाय, आणि तोतया पुन्हा गणवेश घालू लागलाय.

मग ओळखायचं कसं

बरीच वर्षं अमेरिकेत एक सोपा नियम सांगितला जाई : आयआरएस फोन करत नाही. नियम सोपा होता, पण पूर्ण खरा नव्हता. शिवाय एप्रिल २०१७ पासून आयआरएसनं जुनी थकबाकी वसूल करायला खासगी संस्था नेमल्या, आणि त्या खरोखरच फोन करू लागल्या. त्याआधी लेखी पत्र जातं, हे खरं. पण 'कधीच फोन येत नाही' म्हणणाऱ्याचा गोंधळ उडालाच. आपल्याकडेही आयकर खात्याचे एसएमएस येतात, ईमेल येतात, थकबाकीबद्दल कधी फोनही येऊ शकतो. म्हणून 'फोन आला म्हणजे खोटा' हा नियम धरून ठेवला, तर ज्या दिवशी खरा फोन येईल त्या दिवसानंतर आपण नियमच सोडून देऊ.

यापेक्षा टिकाऊ नियम इतिहासातून मिळतो. खरं सरकारी खातं कागदानं चालतं, आणि कागद सावकाश चालतो. मागणी लेखी येते, तिला क्रमांक असतो, उत्तराला मुदत असते, वर अपील असतं. आपण एरवी याच सावकाशपणाला वैतागतो. इथे तो आपलं संरक्षण आहे. फोन हा निरोप असू शकतो. फोनवर व्यवहार पुरा करायचा नाही, एवढं पक्कं धरलं की पुरे.

भारतात याची एक फार उपयोगी सोय झाली आहे आणि ती पुष्कळांना माहीत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर एक ओळख क्रमांक असावा लागतो. त्याला 'डिन' म्हणतात. काही अपवाद सोडले, तर हा क्रमांक नसलेलं पत्र काढलंच नव्हतं असं धरलं जातं. खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर, लॉगिन न करताही, हा क्रमांक घालून नोटीस खरी आहे का ते तपासता येतं. तेव्हा कुणी 'तुमच्यावर कारवाई होणार' म्हणालं तर एकच वाक्य बोलायचं : नोटिशीचा डिन सांगा, मी संकेतस्थळावर बघतो. आणि फोन ठेवायचा. ठेवायचाच. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा. त्यानं पाठवलेली लिंक उघडायची नाही, त्यानं दिलेल्या नंबरवर 'खात्री' करायची नाही. तोतयानं दाखवलेल्या वाटेनं गेलं तर वाटेच्या टोकाला तोतयाच भेटणार.

पैशाचंही तसंच. कर सरकारच्या खात्यात जातो, चलनानं जातो, आणि त्याची नोंद तुम्हाला तुमच्या पॅनखाली दिसते. कुणा व्यक्तीच्या खात्यावर, कुणाच्या यूपीआय आयडीवर, 'तपासापुरते ठेवा, परत मिळतील' अशा खात्यावर कर जात नसतो. कर परतावा मिळायलाही ओटीपी, पिन किंवा कार्डचा नंबर कुणाला सांगावा लागत नाही. परतावा तुम्ही विवरणपत्रात दिलेल्या बँक खात्यात येतो. अमेरिकेत असाल तर स्वतःचं खातं आयआरएसच्या संकेतस्थळावर उघडून बाकी आहे का ते बघता येतं, आणि अशा फोनची तक्रार टिग्टाकडे करता येते.

नंबरावर विसंबू नका, हे पुन्हा सांगतो. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांना नंबर खरा आहे की नाही हे तपासणारी यंत्रणा २०२१ च्या जूनअखेर बसवावी लागली. आपल्या दूरसंचार विभागानं परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवायची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत. पण इतिहास सांगतो, की कुलूप बदललं की चोर खिडकी शोधतो.

आणि पैसे गेलेच तर? लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करायची, बँकेला कळवायचं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत पकडले तर गोठवता येतात, म्हणून तास महत्त्वाचे. इथे आड येते ती लाज. घरच्यांना काय सांगू, लोक हसतील. ही लाज तोतयाच्या पथ्यावर पडते. 'कुणाला सांगू नका' हे त्याचं शेवटचं वाक्य आपण त्याच्या माघारीही पाळत राहतो.

म्हणून शेवटी घरातल्या ज्येष्ठांसाठी नाही, तरुणांसाठी एक विनंती. आई किंवा बाबा उद्या म्हणाले, 'अरे, मला एक फोन आला होता,' तर पहिलं वाक्य 'एवढंही कळत नाही का?' हे नको. ते बोलले की पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत. त्यांनी फोन ठेवून तुम्हाला विचारलं, एवढ्यानंच तोतया हरलेला असतो. भाऊसाहेबांच्या तोतयाला उघडं पाडलं ते चार माणसांनी एकत्र बसून, विचारून, पडताळून. तेवढं आपल्याला घरातही जमण्यासारखं आहे.